आग लागलेली नसताना सासूबाईंची चौकशी कशाला?

प्रश्न : आमची नौपाड्यातली चार मजली जुनी इमारत. लिफ्ट नाही, जिना एकच, त्याखालीच सगळ्यांचे मीटर. गेल्या महिन्यात अग्निशमन दलाचे दोघे पाहणीला आले. गेट मोजलं, एकटं कोण राहतं, अंथरुणाला खिळलेलं कोण, गच्चीची किल्ली कुणाकडे, सगळं विचारलं. माझ्या सासूबाई तिसऱ्या मजल्यावर अंथरुणावरच असतात. परक्यांना हे सांगावं का? खरा धोका तर केमिकल कंपन्यांत ना?
– एक गृहिणी, ठाणे

उत्तर : ताई, निःसंकोच सांगा. मी दलात 31 वर्षं काढली. रात्रीच्या कॉलवर पहिली मोलाची मिनिटं जातात ती ‘आत कोण राहिलंय?’ हे शोधण्यात.

धोका ठरवताना आग लागण्याची शक्यता पाहतात, तसंच लागली तर माणसांचं काय होईल हेही. नवी मुंबईजवळच्या पावणे औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यात माल जहाल खरा, पण रात्रपाळीचा कामगार जागा असतो आणि एमआयडीसीचं स्वतःचं अग्निशमन दल आहे. तुमच्याकडे रात्री दोनला सगळे झोपेत. मीटरच्या वायरी पेटल्या की धूर त्याच जिन्यानं वर चढणार. माणूस बहुतेक वेळा भाजण्याआधी धुरानं गुदमरतो.

ब्रिटनमध्ये पूर्वी मुख्यतः इमारतींची दाटी पाहून अ, ब, क, ड असे भाग पाडत आणि त्यावरून बंब किती मिनिटांत पोचायचा ते ठरे. 2004 च्या सुमारास ती पद्धत सोडली. आता प्रत्येक दल आपल्या भागाचा आराखडा करतं, एकट्या वृद्धांच्या घरी जाऊन धुराची सूचना देणारा अलार्म बसवून देतं. आपल्याकडेही हे व्हावं, असं मला मनापासून वाटतं.

गेटचं म्हणाल, तर एका सोसायटीच्या शोभेच्या कमानीपाशी आमचा बंब अडला होता. होज पाइप हातानं ओढत नेले. माणसं वाचली, पण त्या कमानीचा राग अजून गेलेला नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे कमानीखाली 4.5 मीटर मोकळी उंची हवी.

सासूबाईंची खोली रस्त्याच्या बाजूला की मागे, तेही लिहून द्या. खालच्या शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा. 101 ला फोन लावताना तुम्हाला सुचलं नाही, तर ते सांगतील. आणि सेक्रेटरी गावाला गेले की गच्चीची किल्ली कुणाकडे, ते आजच ठरवा.