टॉकला ५ पैकी ३.४ मिळाले, तर फीडबॅक किती मनावर घ्यायचा?

सरासरी बघूच नका. वेब डेव्हलपर कॉन्फरन्समधल्या तुमच्या पहिल्याच टॉकला ३.४ पडले, एकाने 'फारच बेसिक' लिहिलं, दुसऱ्याने 'डोक्यावरून गेलं', आणि आता पुन्हा प्रस्ताव पाठवावा का, असं तुम्ही विचारताय. पाठवा. सगळ्यांनी ३-४ दिले असतील तर टॉक बरा झाला आणि कुणाच्या लक्षात राहिला नाही. निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १-२ दिले असतील तर गोष्टच वेगळी. ३.४ मध्ये हे दोन्ही हॉल सारखेच दिसतात.

माझा टॉक आयएनपीवर होता, म्हणजे क्लिक किंवा टाइप केल्यावर पानावर बदल दिसायला किती वेळ लागतो त्या मोजमापावर. मार्च २०२४ मध्ये गूगलने एफआयडी हे जुनं मोजमाप काढून कोअर वेब व्हायटल्समध्ये, म्हणजे वेबसाइटचा अनुभव मोजायच्या आपल्या मुख्य मोजमापांत आणला, तोच. सरासरीवर विसंबू नका, ७५वा पर्सेंटाइल (शंभरातल्या ७५ भेटींत वेळ ज्याच्या आत राहतो तो आकडा) बघा आणि मोबाइल-डेस्कटॉप वेगळे काढा, हे मी त्यात घसा ताणून सांगत होते. सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आत दिसते, आणि जुना फोन वापरणारा माणूस प्रत्येक क्लिकनंतर अर्धा सेकंद ताटकळत असतो. त्या आकड्यात तो कुठेच नसतो.

प्रस्तावात मी लिहिलं होतं की टॉक इव्हेंट लूप (ब्राउझर कोडची कामं एकामागून एक कशी उचलतो ते) माहीत असलेल्यांसाठी आहे. आयोजकांनी वेळापत्रकात ती ओळ गाळली आणि शीर्षक केलं 'वेबसाइट वेगवान कशी करावी'. हॉल भरला. त्यातले बरेच जण इमेज लहान कशा करायच्या हे ऐकायला आलेले, आणि मी ब्राउझरचं परफॉर्मन्स पॅनेल उघडून लाँग टास्क, म्हणजे ५० मिलिसेकंदांच्या वर ब्राउझरला अडकवून ठेवणारी कामं, कसे तोडायचे ते दाखवतेय. नंतर मेल आला: सरासरी कमी आहे, श्रोत्यांच्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत.

मी मूळ शीट मागितली. आधी 'तशी पद्धत नाही' म्हणाले, लावून धरल्यावर दिली. मधले आकडे जवळजवळ नव्हतेच. १ देणाऱ्यांची तक्रार एकच, 'इव्हेंट लूप म्हणजे काय ते सांगितलंच नाही.' ५ देणाऱ्यांनी तर थेट आपापल्या कोडबद्दल लिहिलं होतं. पुढे एकीने कळवलं की तिच्या टीमच्या सर्च बॉक्समध्ये टाइप करताना अक्षरं अडकायची, काम तुकड्यांत तोडल्यावर ती अडकेनाशी झाली. टॉकचा खरा फीडबॅक मी याला म्हणते, आणि तो हॉलच्या दारात भरून घेतलेल्या फॉर्मवर येऊच शकत नाही. मी हे सगळं आयोजकांपुढे मांडलं, तर उत्तर आलं, 'सरासरी सगळ्यांना सारखीच लागू.' पुढच्या वर्षीचे स्पीकर त्याच आकड्यावर निवडले. ज्या टॉकमध्ये कोडची एक ओळ नव्हती ते वर गेले. ही निवड चुकीचीच होती, आजही माझं तेच म्हणणं आहे.

तेव्हा तुम्हीही शीट मागा. नावं नकोत, फक्त गुण, कमेंट आणि जमल्यास भरणाऱ्याचा अनुभव. 'बेसिक' म्हणणारा दहा वर्षं काम केलेला आणि 'डोक्यावरून गेलं' म्हणणारा नवखा निघाला, तर त्या दोन तक्रारींत विरोध नाही. तुमचा टॉक कुणासाठी आहे हे त्यांना आधी कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच.

काही गोष्टी मात्र निमूट ऐकायच्या. आवाज पोचला नाही, कोडचा फॉन्ट मागून वाचता आला नाही, वेळ संपला आणि डेमो राहिला, असं दोघा-तिघांनी जरी लिहिलं तरी ते खरंच असतं. उच्चार, कपडे, दिसणं यावरच्या कमेंट सरळ पुसून टाका. जमलं तर आधी मित्राला वाचायला द्या आणि तेवढ्या त्यालाच काढून टाकू द्या.

आणि पुढच्या प्रस्तावात 'कुणासाठी' ही ओळ शीर्षकातच घाला, वर्णनात नको. वर्णन कापतात. 'शीर्षक बदलायचं असेल तर आधी मला विचारा', हेही आयोजकांकडून मेलमध्ये लेखी घ्या.