लव्हबर्डच्या पिंजऱ्यात लावतात तो समुद्रफेस म्हणजे खरंच समुद्राचा वाळलेला फेस असतो का?

नाही हो, फेसबिस काही नाही. आमच्याकडे बडोद्यात मांडवीजवळ पक्ष्यांच्या दुकानात मिळतो तो, आमची आजी पण फेसच समजायची. तो माकुळीच्या (समुद्रातला मऊ अंगाचा प्राणी, इंग्रजीत कटलफिश) अंगातला शिंपला आहे, म्हणजे गोगलगाईच्या शंखासारखाच प्रकार, फक्त हिचा बाहेर नसून पाठीच्या कातडीखाली असतो.

एक तुकडा मोडून बघा, नखाने पण भुगा पडतो, आणि कडेला उजेडात धरला की वहीच्या पानांसारखे बारीक बारीक थर दिसतात, त्या थरांमधे पोकळ कप्पे असतात आणि माकुळ त्यातलं पाणी कमीजास्त करते, पाणी काढलं की तिथे गॅस भरतो नि ती हलकी होते, म्हणजे न पोहता पण पाण्यात तरंगत राहता येतं. मेल्यावर बाकी सगळं सडून जातं, हे तेवढं तरंगत किनाऱ्याला लागतं, म्हणून फेस वाटला असणार लोकांना. पक्ष्यांना देतात ते कॅल्शियमसाठी, चोच पण घासली जाते.

बाकी प्राणी एकदम अजब, तीन हृदयं, रक्त निळसर कारण त्यात लोखंडाऐवजी तांबं. सेकंदाच्या आत अंगाचा रंग बदलते, आणि मजा म्हणजे स्वतः बहुतेक रंगांधळी, डोळ्यात रंग ओळखणारं द्रव्य एकाच प्रकारचं! आयुष्य मात्र जेमतेम एकदोन वर्षांचं.

आणि हो, तुकडा पिंजऱ्यात मऊ बाजू पक्ष्याकडे करून बांधा, आम्ही महिनाभर उलटाच बांधला होता.