लिथियम-ऑक्सिजन सेल टिकावा आणि पेटू नये, यासाठी कोणता इलेक्ट्रोलाइट घ्यावा?

एमएस्सी प्रोजेक्टसाठी तुम्हाला इलेक्ट्रोलाइटचं नाव हवंय, तर टेट्राग्लाइम या ईथर सॉल्व्हंटमध्ये लिथियम टीएफएसआय हे लवण विरघळवून घ्या. डीएमई (डायमिथॉक्सीइथेन) हा हलका ईथर घेऊ नका, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते तो, शून्याच्याही खाली आहे. टेट्राग्लाइमचा 141 अंश सेल्सिअसच्या आसपास आहे, आणि सेलमध्ये एका बाजूला लिथियम धातू, दुसऱ्या बाजूला शुद्ध ऑक्सिजन असताना हा फरक लहान नाही. कार्बोनेट सॉल्व्हंट तर नकोतच.

कार्बोनेटबद्दल इतकं ठामपणे बोलते, कारण त्यात माझं एक वर्ष गेलंय. 2010 साली मी पीएचडीला होते. लिथियम-आयनमध्ये चालतं म्हणून प्रोपिलीन कार्बोनेट इथेही सर्रास वापरलं जायचं. माझा सेल सुरेख चालत होता. सपाट डिस्चार्ज, कपॅसिटी भरपूर, पुन्हा चार्जही व्हायचा. पण डिस्चार्जमध्ये लिथियम पेरॉक्साइड बनतंय हे आम्ही गृहीत धरलं होतं, कुणी तपासलं नव्हतं. एका संध्याकाळी मी सेल उघडला, कॅथोड पाण्यात टाकला आणि टायटॅनियम ऑक्सिसल्फेटचं आम्लयुक्त द्रावण घातलं. बीएस्सीत केलेली पेरॉक्साइडची साधी चाचणी. शेजारच्या कुपीत बाटलीतलं लिथियम पेरॉक्साइड टाकलं, ती हळदीसारखी पिवळी झाली. माझी कुपी जवळजवळ पाण्यासारखीच राहिली. वर कॅथोडच्या कडेने बारीक बुडबुडे येत होते. आम्लात असे बुडबुडे, म्हणजे कार्बोनेटच.

दोन्ही कुप्या घेऊन माझ्या गाइड सरांकडे गेले. ते म्हणाले, "सेल चार्ज होतोय, डिस्चार्ज होतोय, आणखी काय हवं?" पोस्टरवर सायकलचा आलेख गेला, कुप्यांचा फोटो गेला नाही. 2011 मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ब्रूस यांच्या गटाने छापलं की ऑक्सिजनपासून बनणारा सुपरऑक्साइड (एक इलेक्ट्रॉन घेतलेला, फार क्रियाशील ऑक्सिजन) कार्बोनेट सॉल्व्हंट फोडतो आणि पेरॉक्साइडऐवजी कार्बोनेटचा गाळ साचतो. तेव्हाही सरांनी त्या कुप्यांचं नाव काढलं नाही.

म्हणून सांगते, पन्नास-शंभर सायकलचा आलेख दाखवून कुणी इलेक्ट्रोलाइट टिकाऊ म्हणत असेल तर मान्य करू नका. अर्धा मिलिग्रॅम कार्बन, कपॅसिटीला वरून मर्यादा आणि भोवती भरपूर सॉल्व्हंट असेल, तर सॉल्व्हंट फुटून खर्च होत असतानाही आलेख सपाट येतो. दोन इलेक्ट्रॉनमागे ऑक्सिजनचा एक रेणू आत गेला का आणि चार्जिंगला तेवढाच बाहेर आला का, हे मोजा. मास स्पेक्ट्रोमीटर नसेल तर निदान पहिल्या डिस्चार्जनंतर एक सेल उघडून त्यातल्या पेरॉक्साइडचं टायट्रेशन करा. तुमचे गाइड वेळ नाही म्हणाले तरी करा.

टेट्राग्लाइमही अभेद्य नाही, हे सांगायला हवं. चार्जिंगला, विशेषतः 3.5 व्होल्टच्या वर, सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचं जास्त ऊर्जेचं, क्रियाशील रूप, तयार होतो आणि तो ईथरलाही सोडत नाही. म्हणून रेडॉक्स मीडिएटर, म्हणजे इलेक्ट्रॉनची ने-आण करणारा विरघळलेला रेणू, घालून चार्जिंगचा व्होल्टेज खाली आणतात. मीडिएटर लिथियमपर्यंत पोचून तिथेच खर्च होऊ नये, म्हणून मध्ये सिरॅमिकचा पडदा लागतो. घन इलेक्ट्रोलाइटवर मी स्वतः काम केलेलं नाही. 2023 मध्ये इलिनॉय टेक आणि अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या गटाने घन इलेक्ट्रोलाइटच्या सेलच्या हजार सायकल दाखवल्या, ते जरूर वाचा. आणि टेट्राग्लाइमची बाटली जुनी असेल तर वापरण्याआधी हवेमुळे ईथरमध्ये आपोआप साचणारे पेरॉक्साइड तिच्यात आहेत का ते तपासा.