कॉक्लियर इम्प्लांटने बोलणे समजते, मग संगीत बेसूर का वाटते?

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे आंतरकर्णात शस्त्रक्रियेने बसवलेले, श्रवणचेतेला थेट विद्युतसंदेश देणारे उपकरण. निरोगी कानात आतल्या रांगेतील केशपेशी (आवाजाची कंपने चेतासंदेशांत बदलणाऱ्या पेशी) सुमारे 3,500 असतात, तर इम्प्लांटमध्ये इलेक्ट्रोड (विद्युतप्रवाह सोडणारी टोके) साधारणपणे 12 ते 22. शिवाय ते क्षारयुक्त द्रवात बुडालेले असल्यामुळे एकाचा विद्युतप्रवाह शेजारच्या चेतातंतूंपर्यंत पसरतो आणि खऱ्या अर्थाने स्वतंत्र असे मार्ग त्याहूनही कमी उरतात. कानामागचा प्रोसेसर बहुधा प्रत्येक कंप्रतापट्ट्यातील (ठरावीक उंचीच्या स्वरांच्या गटातील) आवाजाच्या तीव्रतेचा केवळ चढउतार पाठवतो आणि सूक्ष्म कंपने गाळून टाकतो. शांत खोलीत बोलणे समजायला एवढे पुरते, परंतु दोन सुरांमधील अंतर ओळखण्यासाठी नेमकी तीच कंपने लागतात. म्हणून ताल चांगला कळतो, चाल मात्र निसटते. नुसते इलेक्ट्रोड वाढवून हे सुटत नाही. दुसऱ्या कानाला खर्जातले थोडेफार ऐकू येत असेल, तर तेथे साधे श्रवणयंत्र वापरणे माझ्या मते अधिक उपयोगी ठरते.