नातू तुमच्याकडे आणि मुलगा सीमेवर

ताई, मुलगा लडाखला निघालाय, सूनबाई नोकरीवर. म्हणजे दिवसभर नातू तुमच्याकडेच. मुलगा जायच्या आधी कागद उरकून घ्या: नातवाचं डिपेंडंट कार्ड (सैनिकाच्या कुटुंबीयांचं ओळखपत्र), आधारची प्रत, आणि शाळेत तुमच्या सहीला मान्यता देणारं पत्र. सैनिकांच्या घरच्यांनाही उपचार देणारं नौदलाचं अश्विनी रुग्णालय कुलाब्याला, ठाण्याहून लांब. तापा-खोकल्यासाठी जवळचा बालरोगतज्ज्ञ आत्ताच ठरवा. सरकारी अडचण आली तर ठाण्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन विचारा, संकोच नको.

फोनची वेळ मात्र पोराला कधीच सांगू नका. ‘रात्री आठला बाबा बोलतील’ म्हटलं आणि तिकडे रेंज गेली, की पोर जेवत नाही. ‘फोन आला की बोलू’ एवढंच म्हणा. त्यापेक्षा पत्र लिहू द्या. ५६ एपीओच्या, म्हणजे लष्करी टपालाच्या, पत्त्यावर गावाचं नाव नसतं, युनिटचं असतं. त्यात चित्रंही जातात. बाबांचं उत्तर आलं की ते उशाशी घेऊन झोपतं पोर.

रडला तर ‘सैनिकाचा मुलगा कधी रडतो का?’ असं कुणालाही म्हणू देऊ नका. मला याचा फार राग येतो. रडू द्या, जवळ घ्या, मग तलावपाळीवर फिरवून आणा. सीमेवरच्या बातम्या तो झोपल्यावर बघा.

आणि मुलगा सुट्टीवर आला की नातू सुरुवातीला त्याच्याकडे न जाता तुमच्याच पदराला धरून बसेल. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्याला लागणार नाही.