पृथ्वीच्या पोटातले थर न खणता कसे मोजतात? आणि गुहागरातून त्यातलं काय दिसतं?

प्रश्न असा आहे: गुहागर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. पुस्तकात कवच, प्रावरण, गाभा यांची खोली किलोमीटरमध्ये छापलेली असते. तिथवर कुणी गेलेलं नाही, मग हे आकडे येतात कुठून? शाळेत भूकंप टिपणारं यंत्र बसवलं तर मुलांना त्यातलं काही दिसेल का?

खणून तर नाहीच. रशियातल्या कोला द्वीपकल्पावरचं भोक १९८९ साली १२,२६२ मीटरपर्यंत गेलं. तिथं १८० अंश सेल्सिअस तापमान लागलं आणि काम थांबलं. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, म्हणजे ०.२ टक्केसुद्धा झालं नाही. आपल्याकडे कोयना परिसरात गोठण्याला ३ किलोमीटरचं भोक आहे. त्यात साधारण सव्वा किलोमीटर काळा कातळ आणि खाली ग्रॅनाइट लागला. कवचाचंही हे नुसतं साल.

मोजतात ती वेळ. भूकंपाची किंवा स्फोटाची लहर कधी निघाली आणि कधी पोचली एवढंच हातात असतं, बाकी सगळं गणित. तुमच्याच गावचं उदाहरण घ्या. १९७० च्या दशकात हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) केळशी ते लोणी आणि गुहागर ते चोरोची अशा दोन रेषांवर सुरुंग उडवून, ओळीनं लावलेल्या जिओफोनांवर (जमिनीची थरथर टिपणारी छोटी यंत्रं) परतलेल्या लहरी टिपल्या. त्यावरून या पट्ट्यात कवचाचा तळ ३५ ते ४० किलोमीटरवर असल्याचं निघालं. या तळाला मोहो म्हणतात. क्रोएशियाचे शास्त्रज्ञ मोहोरोविचिच यांनी १९०९ मध्ये झाग्रेबजवळच्या भूकंपाच्या नोंदींवरून तो ओळखला: कवचात पी लहर (भूकंपाची सगळ्यात आधी पोचणारी लहर) सेकंदाला सहा-साडेसहा किलोमीटर जाते, मोहोच्या खाली आठ.

आता सुरुंग लागत नाहीत. दूरच्या भूकंपाची पी लहर खालून वर येताना मोहोवर तिचा थोडा भाग एस, म्हणजे आडव्या हालचालीच्या, लहरीत बदलतो. एस हळू चालते, म्हणून मागून पोचते. दोघींमधलं अंतर सेकंदात मोजून ८ ने गुणलं की मोहोची खोली ढोबळमानानं मिळते. ४.६ सेकंद आले तर सुमारे ३७ किलोमीटर. म्हणूनच घड्याळाला इतकं महत्त्व. एकाच यंत्रावर एकच घड्याळ असतं तोवर हा फरक बिघडत नाही. पण दोन ठिकाणच्या नोंदी जुळवायच्या असतील तर एका सेकंदाची चूक कित्येक किलोमीटरला पडते. जीपीएसशी जोडलेलं घड्याळ नसेल तर तो नाद सोडा.

गाभ्यासाठी मात्र तुमची जागा फार छान आहे, आणि मुलांना दाखवायचं ते हेच. अंतर किलोमीटरऐवजी अंशात मोजा (१ अंश म्हणजे १११ किलोमीटर). जपान गुहागरपासून साधारण ६० अंशांवर. तिथल्या भूकंपाची पी लहर प्रावरणातून वळून दहा मिनिटांत येते, गाभ्याला शिवतही नाही. टोंगा ११५ अंशांच्या आसपास, कॅलिफोर्निया १२४. हे दोन्ही सावलीत पडतात, कारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात सरळ पी पोचत नाही. २,८९० किलोमीटरवर द्रव गाभा लागतो आणि लहर आत मोडून वळते. मध्य चिली आणि मेक्सिको १४५ अंशांच्या आसपास. नेमक्या याच अंतरावर गाभ्यातून आलेल्या लहरी एकवटतात, त्यामुळे चिलीचा मोठा भूकंप सुमारे साडेएकोणीस मिनिटांनी ठसठशीत उमटतो. जवळचा टोंगा अंधुक आणि लांबचा चिली स्पष्ट! मला विचाराल तर गाभ्याचा याहून सोपा पुरावा वर्गात दाखवता येणार नाही.

गाभा आहे हे ओल्डहॅम यांनी १९०६ मध्ये दाखवलं. ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात होते, आसामच्या १८९७ च्या भूकंपाचा अभ्यास त्यांचाच. सावलीच्या पट्ट्यात यायला नको अशा क्षीण लहरी मात्र येत होत्या. न्यूझीलंडच्या १९२९ च्या भूकंपात त्या दिसल्या, आणि डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमन यांनी १९३६ मध्ये त्यांचा अर्थ लावला: गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे. आज त्याची सीमा ५,१५० किलोमीटरवर धरतात.

यंत्राबद्दल. रास्पबेरी शेकसारखं ४.५ हर्ट्झच्या जिओफोनचं यंत्र शाळेला पुरतं. दूरचे साडेसहा-सातच्या वरचे भूकंप त्यावर दिसतात. मोहोचं काम त्यावर होणार नाही, त्याला तिन्ही दिशांचं ब्रॉडबँड (संथ आणि जलद दोन्ही लहरी टिपणारं) यंत्र लागतं. जांभ्यावर ठेवू नका. जांभा सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि यंत्र कलतं. जांभा संपून काळा कातळ लागेल तिथं चौथरा बांधा, इमारतीच्या पायाला न टेकवता. माडापासून लांब, कारण वाऱ्यानं झाड हललं की मुळांसकट जमीन हलते. विहिरीच्या पंपापासूनही लांब. वर थर्माकोलचं झाकण, आत सिलिका जेल, आणि वळिवाच्या विजांसाठी विजेच्या जोडणीला सर्ज अरेस्टर. उत्तर दिशा होकायंत्रानं लावू नका. कातळात चुंबकी खनिज असतं, सुई फसते. स्थानिक मध्यान्हीची काठीची सावली जास्त भरवशाची.

आणि समुद्र. जून ते सप्टेंबर अरबी समुद्राच्या लाटा जमीन सतत थरथरवतात, चार ते आठ सेकंदांच्या आवर्तनानं. नवखा माणूस यंत्र बिघडलं समजून ते उघडतो. उघडू नका, ०.५ ते २ हर्ट्झचा फिल्टर लावा; गाभ्यातून आलेली पी १ हर्ट्झच्या जवळपास असते, ती वर येते. तरी पहिली नोंद नोव्हेंबरनंतर घ्यावी हे बरं.

यंत्राला पैसे नसतील तर हैदराबादचं एचवायबी हे भूकंपमापन स्टेशन जिओस्कोप या फ्रेंच जाळ्यात आहे, त्याच्या नोंदी फुकट मिळतात. पायथॉन या संगणकभाषेत ऑब्सपाय (भूकंपाच्या नोंदी हाताळायचं सॉफ्टवेअर) टाका, त्यातल्या टाउपीला भूकंपाची खोली आणि अंतर द्या, तो प्रत्येक लहरीची अपेक्षित वेळ काढून देतो. ती रेघ नोंदीवर मारून मुलांना पुढचं शोधू द्या. फक्त अंतर हैदराबादहून मोजा, गुहागरहून नको. पाच अंशांपर्यंत फरक पडतो.