ॲपवर वारा ठीक दिसत असूनही कामशेतला सर उडू का देत नाहीत?

तुमचा प्रश्न असा, की ॲपवर ताशी 14 किलोमीटर वारा दिसतो, तरी पॅराग्लायडिंगचे सर डोंगरावर दोन तास बसवून ठेवतात आणि शेवटी 'आज नाही' म्हणतात. मी काही हंगाम लोणावळ्याजवळच्या या कामशेतला उडतोय. तुमचे सर बरोबर आहेत.

ॲपमधला आकडा मोठ्या परिसराचा अंदाज असतो. तुमच्या पायाखालचा उतार त्यात धरलेला नसतो. वारा डोंगराला अडला की वर चढतो आणि माथ्याशी दाटून जोरात वाहतो. तो दीडपट झाला तरी त्याचा रेटा सव्वादोनपट होतो. शिकाऊ विंगचा, म्हणजे डोक्यावरच्या कापडी पंखाचा, स्वतःचा वेग जेमतेम ताशी 35 ते 38 किलोमीटर. समोरचा वारा तेवढाच झाला तर तुम्ही हवेत जागच्या जागी, त्याहून वाढला तर मागे. आणि डोंगराच्या मागच्या अंगाला वारा भोवऱ्यासारखा गरगरतो. आम्ही त्याला रोटर म्हणतो. तिथे विंग मिटू शकते.

त्यात वेळेचा हिशेब वेगळा. थंडीतली सकाळ शांत असते. ऊन चढलं की कातळ तापून थर्मल, म्हणजे गरम हवेचे वर उसळणारे झोत, सुटतात. भर दुपारी ते नवख्याला झेपत नाहीत. उन्हाळ्यात दुपारनंतर समुद्रावरचा वारा घाट चढून येतो आणि दिशाच बदलते. पावसाळ्यात तर उड्डाण बंदच.

एका एप्रिलमध्ये मी हार्नेस बांधून टेकऑफवर उभा होतो. गवत माझ्याकडे वाकलेलं, म्हणजे वारा समोरून, अगदी हवा तसा. खाली मावळात दोन शेतांत राब भाजत होते. एकाचा धूर आमच्याकडे येत होता, दुसऱ्याचा बरोबर उलटा. मग गवत एकदम गप्प झालं आणि मानेवर मागून गार झुळूक आली. मी बकल सोडले. अर्ध्या तासात वळवाचा पाऊस आला. असा ढग कोसळायला लागला की त्यातली गार हवा जमिनीवरून कितीतरी किलोमीटर पुढे धावते. तुमच्या डोक्यावर तेव्हा निरभ्र आकाश असू शकतं. त्या दिवशी मी हवेत असतो तर उतरायला जागा निवडायची उसंतही मिळाली नसती.

पुढच्या वेळी थांबवलं तर गाडीत जाऊन बसू नका. सरांच्या शेजारी बसा, ते नेमकं काय बघतायत ते विचारा. विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, तर बघाच. शिवाय धूर, तळ्यावरच्या लाटा आणि घारी कुठे घिरट्या घालतायत तेही बघा.